शेवटची होडी आणि सैल वळसा

एकदा एक वृद्ध छायालेखक आपल्या शिष्येला घेऊन कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. फिल्मवर चालणारे सिनेमाचे कॅमेरे हाताळण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. शिष्येचं नाव शलाका. वयाने तिशी उलटलेली, चांगली नोकरी सोडून ही विद्या शिकायला आलेली, आणि म्हणूनच प्रत्येक चुकीला भिणारी.

त्या गावात भिवा मेस्त्री नावाचे ऐंशीला टेकलेले सुतार आपली शेवटची होडी बांधत होते. पौर्णिमेच्या भरतीला ती पाण्यात उतरणार होती. तो क्षण टिपायचा, एवढंच काम. पण होडी एकदा ओंडक्यांवरून घसरली की तिला मागे ओढून ‘आणखी एकदा’ म्हणता येत नाही.

आदल्या दिवशी सराव करताना कॅमेरा कर्कश आवाज करून थांबला. शलाकाने दार उघडलं, तर आत फिल्म तुटून तिचा चुरगळा झालेला. फिल्म भरणारी तीच होती. अण्णा रागावले नाहीत, त्यामुळे ती अधिकच खजील झाली. मग तिने भिंगं तीन-तीनदा पुसली, तिपाईच्या पायांशी वाळूची पोती रचली, होडीपर्यंतचं अंतर पुन्हा पुन्हा फितीने मोजलं. अन्नाला शिवली नाही. सकाळी मेस्त्रींची सून गरम घावणे घेऊन आली, तर “आत्ता नको हो! मध्ये येऊ नका!” असं म्हणून तिलाही फटकारलं.

भरतीला दीड तास उरला होता. अण्णा कॅमेऱ्यापाशी आले. त्यांनी दार उघडलं, आत डोकावून पाहिलं, आणि शलाकाने दोनदा तपासून बसवलेली फिल्म सावकाश बाहेर काढली. कॅमेऱ्यावर पांढरं फडकं टाकलं.

“जा, मेस्त्रींकडे जाऊन बस,” ते म्हणाले. “तासाभराने ये.”

“आत्ता? अण्णा, माझ्यावर भरवसा नसेल तर तसं स्पष्ट सांगा.”

“सांगेन. आधी दोन घास खाऊन ये.”

डोळ्यांतलं पाणी लपवत ती मेस्त्रींच्या अंगणात गेली. सुनेने पाट मांडला, ताटली पुढे ठेवली. “मघाशी मी फार तोडून बोलले, वहिनी,” शलाका म्हणाली. “होता तसा कधी कधी,” सून हसली. “नारळाचो रस घे आणखी.”

खाता खाता शलाकाचं लक्ष मेस्त्रींकडे गेलं. ते होडीभोवती फिरत होते आणि एकेका फळीवर तळवा ठेवून क्षणभर थांबत होते.

“काय बघताय, आजोबा?”

“डोळ्यांका आता दिसणा नाय नीट. हाताक कळता,” ते म्हणाले. “आणि उतरवतानाय हात लावून ठेवूचो असता. ती आपणहून सुटापर्यंत काढूचो नाय.”

शलाकाने ताटली खाली ठेवली. दोन दिवस ती होडीपर्यंतचं अंतर मोजत होती, पाणी कुठे उसळेल याचा हिशेब करत होती. या माणसाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

ती परतली तेव्हा अण्णांनी फिल्म तिच्याच हाती दिली.

“आता भर. आणि ऐक. कॅमेऱ्यावरच्या पेटीतून फिल्म सलग धावत येते, पण भिंगासमोर तिला थांबावं लागतं, सेकंदाला चोवीस वेळा. ती थांबते तेव्हाच चित्र उमटतं. म्हणून त्या धावण्याच्या आणि थांबण्याच्या मध्ये आपण फिल्मचा एक सैल वळसा ठेवतो. काल तू तो ठेवला नव्हतास, आज ठेवलास तोही जेमतेम. घट्ट म्हणजे भक्कम, असं तुला वाटलं. बाई गं, ताणलेली फिल्म तुटते. आणि तूही कालपासून तशीच ताणलेली होतीस. फिल्मचा वळसा मी सैल करून दिला असता. तुझा कसा करणार? भरवसा नसता, तर तुला परत कशाला बोलावलं असतं?”

शलाकाने फिल्म भरली. बोटाने वळशाचा सैलपणा पाहिला, दार लावलं, आणि तिपाई उचलून चार पावलं डावीकडे ठेवली, जिथून मेस्त्री नीट दिसतील तिथे.

भरती आली. गावकऱ्यांनी आरोळी ठोकून जोर लावला. होडी हलली, मेस्त्री तिच्यासोबत गुडघाभर पाण्यात गेले, आणि एका क्षणी त्यांच्या तळव्याखालून ती सुटली. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. कॅमेरा एकसुरात घुमत होता.

थोड्या वेळाने मेस्त्री ओल्या धोतराने कॅमेऱ्यापाशी आले. “माका दाखव गो.”

“लगेच दिसत नाही, आजोबा. फिल्म धुऊन यायला महिना तरी लागेल.”

मेस्त्रींनी धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, “ऱ्हवांदे. तू बघलंस ना?”

“बघितलं,” शलाका म्हणाली.

खारा वारा सुटला होता. अण्णा स्वतःच ब्रश घेऊन कॅमेऱ्यावरचे वाळूचे कण झटकू लागले. शलाका मदतीला गेली नाही. होडी खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत ती मेस्त्रींच्या शेजारी वाळूत बसून राहिली.