चमचाभर विरजण

भांडीकुंडी एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. वाटीच्या तळाशी चमचाभर दही उरलं होतं. शेजारी पातेलंभर दूध निवत होतं.

"एवढ्या दुधात मी टिकणार कसं?" दही पळीला म्हणालं. "माझा सगळा गुण पातळ होऊन जाईल. मला इथंच राहू दे."

"राहा की," पळी म्हणाली. "पण या उकाड्यात दूध नासेल, आणि तू वाटीतल्या वाटीत आंबत बसशील."

 मग दही डोळे घट्ट मिटून दुधात उतरलं आणि दिसेनासं झालं.

सकाळी शेजारच्या गोदाक्का दारात आल्या. "वहिनी, विरजणापुरतं दही द्या हो!"

पळी पातेल्यावर वाकली, तशी सगळं दही एकदम म्हणालं, "मला ने!"