टेकडीवरचे कोठार

कलिंग देशातील दंतपुरात महाबाहू राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व समुद्रकाठच्या एका व्यापारी कुळात जन्मला. त्याचे नाव सुतीर. बंदरालगतच्या टेकडीवर त्याचे भक्कम दगडी कोठार होते आणि त्यात परदेशी पाठवायचे रेशीम ठासून भरलेले होते. खाली वाळूवर कोळ्यांची वस्ती होती. तिच्या कडेला सोमिल नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याची लाकडी वखार होती. सुतीराची भरभराट सोमिलाच्या डोळ्यांत खुपत असे.

एका आश्विनात वारा पडलेला असतानाही जड लाटा किनाऱ्यावर येऊ लागल्या. आकाश तांबूस झाले. समुद्रपक्षी थव्याथव्यांनी जमिनीकडे वळले. ते पाहून सुतीर वस्तीत दारोदार फिरला.

"मोठे वादळ येते आहे. मुलाबाळांना घेऊन वर चला."

"वर कुठे, श्रेष्ठी?" वस्तीची प्रमुख, म्हातारी वारुणी म्हणाली. "तुमच्या कोठारात तर पाय ठेवायला जागा नाही."

सुतीर तडक टेकडीवर गेला. मग त्याने नोकरांना रेशमाचे गठ्ठे बाहेर काढायला सांगितले.

सोमिल धावत आला. याला वेड लागले असे त्याला वाटले आणि मनातून बरेही वाटले. "अरे, जहाजे भरायची वेळ झाली, आणि तू माल उघड्यावर टाकतोस?"

"आत माल आणि माणसे दोन्ही मावत नाहीत, सोमिला. तूही वर ये."

सोमिल हसला आणि आपल्या वखारीत जाऊन बसला.

दुपारी वादळ आदळले. माडांचे शेंडे मोडून पडले, वखारीचे छप्पर उडाले. सोमिल खांबाला मिठी मारून डोळे मिटून राहिला. मग एकाएकी सारे शांत झाले. ऊनसुद्धा पडले. सुटलो, असे म्हणत तो विखुरलेला माल गोळा करू लागला.

वर कोठारात आसरा घेतलेले कोळीही घरे पाहायला निघाले होते. पण सुतीर दारात आडवा उभा राहिला, हे सोमिलाला मागाहून कळले. "हे वादळाचे पोट आहे," तो म्हणाला होता. "उरलेले अर्धे अजून यायचे आहे. आता वारा समुद्राकडून येईल आणि पाणी घेऊन येईल." तेवढ्यात त्याला वाळूवर सोमिल दिसला. "मी परतलो नाही तरी दार लावून घे," असे वारुणीला सांगून तो खाली धावला.

त्याला येताना पाहून सोमिलाने गाठोडे छातीशी धरले.

"टाक ते. चल."

"जन्मभराची कमाई आहे ही. मी हलणार नाही."

"बरे तर," सुतीर म्हणाला आणि मोडक्या उंबऱ्यावर बसला. "तू उठशील तेव्हा निघू."

सोमिलाने त्याच्या तोंडाकडे पाहिले. तिथे राग नव्हता, घाईही नव्हती. मागे क्षितिजावर करडी भिंत उभी राहत होती. हा माणूस खरोखर इथेच बसून राहील, हे सोमिलाला कळले आणि त्याच्या हातातून गाठोडे गळून पडले.

ते धावले. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याने त्यांना कमरेपर्यंत गाठले. वारुणीने दार लावले नव्हते. कोळ्यांनी बाहेरचे रेशीम पिळून त्याचा दोर केला आणि दोघांना वर ओढून घेतले.

सकाळी वस्ती उरली नव्हती, वखार उरली नव्हती. रेशमाच्या चिंध्या खारफुटीत लोंबत होत्या. पण वस्तीतले एकही माणूस दगावले नव्हते. भिजल्या अंगाने सुतीर पहिल्या झोपडीसाठी खड्डा खणू लागला. सोमिलही खाली बसून त्याच्या शेजारी माती उपसू लागला. पुढे राजाने हे ऐकून किनाऱ्यावर जागोजागी उंच दगडी आसरे बांधवले.

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आनंद. वारुणी ही आज भिक्षुणीसंघात आहे. सोमिल म्हणजे माझे वाईट चिंतले म्हणून आज पश्चात्तापाने दाराशी बसून रडणारा हा भिक्खू, आणि सुतीर तो मीच." आपले वाईट चिंतणाऱ्यालाही मागे न सोडणे, हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता होय.