मोराचा झगमगता फलक

फार पूर्वी रानातल्या प्राण्यांनी आपलं नगर वसवलं, तेव्हा फलकांना परवानगी देण्याचं काम घुबडकाकांकडे होतं.

एकदा मोर नाचतच त्यांच्याकडे आला. "काका, उद्या माझा नाच! फलक तयार आहे! सागाच्या पानांवर माझं भलंमोठं चित्र आणि भोवती काजव्यांची रोषणाई! मंचाच्या बरोबर समोर लावतो!"

"लाव की," काका म्हणाले. "अट एकच. नाच सुरू झाला की काजवे विझले पाहिजेत. चांदणं पुरेल तुला."

"ऐन नाचात अंधार? तुम्हाला कुणाची हौसच बघवत नाही!" मोर असा काही रुसून बसला की काकांनी वैतागून अट मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळावर ही गर्दी! माकडं फांद्यांवर लटकली, हत्तीण पिल्लांना घेऊन आली, सशांनी पुढची जागा धरली. मोराने पहिलं पाऊल टाकलं आणि समोर काजवे पेटले!

"अहाहा! काय तो पिसारा! काय तो डौल!"

टाळ्या! शिट्ट्या! मोर बेभान होऊन नाचला. शेवटची गिरकी घेऊन त्याने धापा टाकत वर पाहिलं, तर सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे!

सशाचं पिल्लू फलकाकडे बोट दाखवून विचारत होतं, "आई, हा नाचायला कधी लागणार गं?"

फक्त घुबडकाकांची छाती मंचाकडे होती. "काका, तुम्ही तरी पाहिलंत ना?" मोराने आशेने विचारलं.

पण काकांची मान पार मागे, फलकाकडे वळलेली होती.