फरक कुठे पडला?

त्या राज्यात एक ओढा होता आणि ओढ्याला, रीतीप्रमाणे, दोन काठ होते. एका काठावर चिंचेची झाडं आणि झाडांवर खारी. दुसऱ्या काठावर चिखल आणि चिखलात खेकडे. दोघांचं भांडण नव्हतं. भांडायला निदान ओळख लागते. खारींना एवढंच ठाऊक होतं, की खेकडे तिरके चालतात, तेव्हा मनानेही तिरकेच असणार. खेकड्यांना एवढंच, की खारी हवेत राहतात, आणि ज्याचा पाय जमिनीला नाही त्याच्या शब्दाला काय धरायचं.

दोन्ही काठांवर जिचं जाणंयेणं होतं अशी एकटी कासवअक्का. तिचं वय कुणी दोनशे सांगे, कुणी तीनशे. ती स्वतः म्हणे, मोजत बसले असते तर एवढी जगलेच नसते. या अक्काने एक उद्योग काढला. दर हंगामाला पाच खारपिल्लं पाठीवर घालून ती चिखलाकडे नेई आणि येताना खेकड्यांची पाच पोरं झाडांकडे आणी. हंगामभर त्या घरचं खायचं, त्या घरची बोलणी ऐकायची, मग परत. ओढ्यात मरळ मासे होते, आणि पाहुणा कोणता व घास कोणता हा भेद मरळ करत नाही. म्हणून दरबाराने या वाटेवर दोन पाणमांजरं पहाऱ्याला दिली होती.

असे सहा हंगाम गेले. मग दरबारात कुणीतरी जांभई देता देता विचारलं, या सगळ्याने फरक काय पडला? प्रश्न साधाच होता, पण दरबारात विचारलेल्या प्रश्नाला पाय फुटतात. हुकूम निघाला: चालू हंगाम संपायच्या आत पडलेला फरक मोजून कळवावा, नाहीतर पाणमांजरं दुसऱ्या कामाला लावली जातील. पाणमांजरं गेली की वाट गेली. मग ज्या काठाची पोरं त्या काठाला.

कासवअक्काने हे ऐकलं आणि मान आत घेतली ती बाहेर काढलीच नाही. झिपरी नावाच्या खारीच्या पोरीने पाठीवर टकटक करून विचारलं, की पुढच्या हंगामाला माझी गिमी येणार ना? गिमी म्हणजे तिची खेकडा मैत्रीण.

मोजणीला टिटवीबाई आल्या. रात्रीतून आभाळ पडलंच तर पेलता यावं म्हणून पाय वर करून झोपणाऱ्या घराण्यातल्या त्या. तेव्हा पडणे या विषयात त्यांचा अधिकार मोठा. हुकूम त्यांनी तीनदा वाचला. पडलेला फरक, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पडलेली वस्तू खाली सापडते, हा त्यांचा पिढीजात अनुभव. त्यांनी मान खाली घातली आणि चिंचांखालची जमीन हुडकायला घेतली. तीन दिवसांत एकशे चाळीस चिंचोके आणि शेपटीचे अकरा केस मिळाले. पलीकडच्या चिखलात खेकड्यांची सात जुनी कवचं मिळाली. ती त्यांनी धुतली, वाळवली, एकाखाली एक मांडली. कवचं खेकडे आपणहून टाकतात, शेजारी असो वा नसो, असं कळल्यावर चिंचोके आणि केसांपाठोपाठ तीही यादीतून गेली.

मग टिटवीबाईंनी मान वर केली आणि पोरं मोजायला घेतली. पलीकडे जाऊन आलेल्या खारींच्या शेपट्या गवताच्या काडीने मोजल्या, न गेलेल्यांच्या मोजल्या. सारख्या. नांग्या मोजल्या. त्याही सारख्या. राहिले आईबाप.

"काही फरक नाही हो बाई," झिपरीची आई म्हणाली. "होती तशीच आगाऊ आहे. फक्त फांदीवर समोरून कुणी आलं की आता एक पाय वर करते आणि बाजूला होते. खेकड्यांच्यात नांगी वर करून वाट देतात म्हणे. परवा आजोबांना दिली, तर म्हातारा रडायलाच लागला. त्यांना कुणी वाट देईल असं वाटलंच नव्हतं."

"म्हणजे फरक नाही."

"नाही. फक्त..."

"अहो, फक्तला रकाना नाही."

चिखलाकडेही तेच. एक खेकडा म्हणाला, पोरगा आहे तसाच आहे, फक्त अधूनमधून वर बघतो. आमच्यात वर बघायची पद्धत नाही. एक खेकडीण म्हणाली, फक्त जेवणात आंबट मागते. टिटवीबाई प्रत्येक फक्तपाशी लेखणी उचलत आणि वाक्य संपायची वाट बघत. संपलं की पुढच्या बिळाकडे जात.

बातमी झाडांवर पोचली तशी खारींची धांदल उडाली. त्यांचे पंच शेपटेराव व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, फरक दिसत नसेल तर दाखवला पाहिजे. त्यांनी पिल्लांना रांगेत उभं करून फांदीवर तिरकं चालायची तालीम सुरू केली. खारीला तिरकं चालवणं म्हणजे फांदीला वळसा घालायला सांगणं. तिसऱ्या दिवशी टिटवीबाई खालून पाहत असतानाच एक पिल्लू सटकलं आणि थेट चिंचोक्यांच्या ढिगावर आलं. लागलं काही नाही. पण एवढ्या दिवसांत डोळ्यांदेखत काहीतरी पडलं, म्हणून टिटवीबाईंनी आनंदाने नोंद केली: पडले, एक.

त्या आवाजाने मात्र कासवअक्काची मान बाहेर आली. "शेपटेराव," ती म्हणाली, "मला खारींचे खेकडे करायचे नव्हते. खेकडे काय ओढ्यात कमी होते?"

"मग वाट जाईल, अक्का."

"जाईल," अक्का म्हणाली. "पण पोरांना सोंगं करून दाखवायला मी नेलं नव्हतं." मग टिटवीबाईंकडे वळून तिने सांगितलं, की माझ्यापाशी दाखवण्यासारखं काही नाही, तुम्हाला जे दिसेल ते लिहा.

पडलेलं एक पिल्लू सोडलं तर दिसलं होतं ते शून्य. हंगामाच्या शेवटच्या दिवशी टिटवीबाई चिखलाच्या काठावर उभ्या राहिल्या आणि तेच त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं.

पण अहवाल दरबारात पोचला तेव्हा शून्य खोडलेलं होतं आणि खाली एकच ओळ होती: मोजणी अपुरी आहे, वाट चालू ठेवावी. ही ओळ कशी आली याबद्दल पहाऱ्यावरची पाणमांजरं जे सांगतात ते असं.

शून्याची शाई वाळत होती. चिखल खोलगट भागात, तिथे वाऱ्याची झुळूकही पोचत नाही. तेवढ्यात पलीकडे चिंचांवर वादळ चढलं. झाडं पिळवटून निघाली, खारींच्या किंकाळ्या ओढा ओलांडून आल्या. आणि इकडे, जिथे गवताचं पातं हलत नव्हतं, तिथे बिळाबिळांतून खेकडे बाहेर आले आणि त्यांनी आठही पाय रोवून जमीन गच्च धरली. जाऊन आलेली पोरं होती, त्यांची भावंडं होती. जन्मात ओढा न ओलांडलेले म्हातारे दगडूनानाही होते.

"नाना, इथे तर वाराच नाही," टिटवीबाई म्हणाल्या. "काय धरलंत?"

"इथं नाही हो, तिकडं आहे," नाना नजर न काढता म्हणाले. "नातू शिकून आलाय. वारा आला की फांदी धरायची आणि तिच्याबरोबर कलायचं, म्हणजे पडत नाही. आता त्यांची पोरं वर आहेत, म्हणून आम्ही धरलंय. तुम्ही जरा गप ऱ्हावा."

पलीकडे फांदी डावीकडे गेली की अलीकडचा सगळा काठ डावीकडे कलत होता. उजवीकडे आली की उजवीकडे. पाणमांजरं म्हणतात, किती खेकडे आहेत ते मोजावं म्हणून टिटवीबाई एक पाऊल पुढे टाकायला गेल्या, तर पाऊल निघेना. त्यांनी खाली पाहिलं. त्यांची बोटं चिखलात खोल रुतलेली होती, आणि अंग डावीकडे कललेलं होतं.