कोपरापासून नमस्कार

एकदा एका शिष्येनं वाऱ्याशी वैर धरलं. वैर धरायला जगात माणसं काय कमी असतात? पण हिला वाराच सापडला. प्रणोती तिचं नाव. सायकलच्या शर्यतीत उतरणारी मुलगी. चढावर कुणाला ऐकत नसे, उतारावर डगमगत नसे. गेल्या वर्षीच्या निवड चाचणीत मात्र पवनचक्क्यांच्या पठारावर समोरून वारा सुटला आणि राज्याच्या संघातली तिची जागा गेली. यंदा पुन्हा तोच रस्ता होता. आधी पठार, मग घाटाचा उतार. संघात एकच जागा उरली होती, आणि वयाच्या अटीत बसणारं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

वाऱ्याच्या वाटेत अंग जितकं कमी येईल तितका तो कमी अडवतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. ते खोटंही नाही. तिनं हँडल जाईल तितकं खाली नेलं, त्याच्या खालच्या वळणावर पंजे रोवले, दोन्ही हात काठीसारखे ताठ केले आणि पाठ आडवी आणली. आरशात पाहिलं तर विजेतीच दिसत होती! थोडा वेळ सायकल भन्नाट पळायचीसुद्धा. मग मान आखडायची, तळहात ठणकायचे, आणि शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. चिमटा काढला तरी कळायचं नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणीतरी 'यंदा राहू दे' म्हणालं असतं, आणि नेमकं तेच तिला ऐकायचं नव्हतं.

त्या गावात नेमगोंडा अप्पा नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. तरुणपणी त्यांनी बऱ्याच शर्यती मारल्या होत्या. आता सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसून ते मुलामुलींना सायकलिंग शिकवत. शिकवत म्हणजे काय, एक डोळा बारीक करून नुसते बघत राहत, आणि समोरचं माणूस कंटाळून उठायच्या बेतात आलं की एखादं वाक्य सोडत. प्रणोती त्यांच्याकडे गेली.

"अप्पा, हे हँडल अजून थोडं खाली जातंय का बघा ना. माझ्यानं हालत नाही."

अप्पांनी तिला आधी पठारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. ती गेली, आली, खाली उतरून हेल्मेटचा पट्टा सोडू लागली. अप्पा बघत होते. मग ते उठले, पिशवीतून पाना काढला आणि हँडल चांगलं दोन बोटं वर चढवलं.

"अहो अप्पा, खाली म्हणाले मी!"

"ऐकलं. कान शाबूत आहेत अजून."

"मग हे काय? वारा सगळा छातीवर येईल माझ्या!"

"येऊ दे. आणि उद्यापासून हात खालच्या वळणावर ठेवायचे नाहीत. वर ठेवायचे, ब्रेकच्या मुठींवर."

बस्स. का, कशासाठी, काही नाही. पाना आपल्याही घरी आहे, हे प्रणोतीच्या मनात येऊन गेलं. पण अप्पांचा शब्द मोडायची छाती होईना. दुसऱ्या दिवशी ती हात वरच्या मुठींवर ठेवून निघाली. हात मात्र पूर्वीसारखेच ताठ. पठारावर वाऱ्यानं तिला अक्षरशः जागच्या जागी उभी केली. सोबतच्या मुली हसत पुढे निघून गेल्या.

"कसं झालं?" अप्पांनी विचारलं.

"हळू."

"हं. उद्या पुन्हा."

रोज हेच चाललं. चाचणी तोंडावर आली आणि एका सकाळी प्रणोतीचा बांध फुटला. तिनं सायकल कट्ट्याला टेकवली म्हणण्यापेक्षा आपटलीच.

"पुरे झालं अप्पा! माझं शेवटचं वर्ष वाया चाललंय आणि तुम्ही नुसतं 'हं हं' करताय. तुमच्या या हँडलला, त्या पठाराला आणि त्या मेल्या वाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार!"

पुन्हा म्हणून तोंड बघायचं नाही, अशा गोष्टीला आपण करतो तो नमस्कार. आणि ती नुसती म्हणाली नाही, तिनं तो केलाही. हात जोडून, दोन्ही कोपरं वाकवून, चांगली पुढं झुकून.

"थांब!" अप्पा असे ओरडले की ती तशीच्या तशी उभी राहिली. "हलू नकोस. कोपरं अशीच राहू देत."

त्यांनी सायकल पुढं आणली, पुढचं चाक आपल्या गुडघ्यांत धरलं आणि तिला वर बसवलं. "आता जोडलेले हात सोड आणि ब्रेकच्या मुठी धर. अगं, आवळतेस काय? भाकरी थापताना कसा सैल असतो हात, तसा ठेव. मनगट मोडू नकोस. खांदे कानांपासून खाली सोड. अंगाचा भार तळहातांवर टाकायचा नाही, पोटानं तोलून धरायचा. हां. आता त्या भिंतीकडं बघ."

टाकीच्या भिंतीवर कोवळ्या उन्हात तिची सावली पडली होती. कोपरापासून पुढचे हात रस्त्याला समांतर, कोपरं अंगालगत, छाती आपोआप खाली आलेली. हँडल दोन बोटं वर असूनही पाठ पूर्वीपेक्षा तसूभर खालीच होती. प्रणोती बघतच राहिली.

"हँडल खाली होतं तेव्हा कोपराला वाकायला जागाच उरली नव्हती," अप्पा म्हणाले. "वाकायचं काम तू लोखंडावर ढकललंस आणि स्वतः ताठ राहिलीस. ताठ हातातून रस्त्याचा प्रत्येक दणका थेट तळव्यात उतरतो. कोपर वाकलं की तो तिथंच जिरतो. अन् वाऱ्याशी कसलं वैर धरतेस? तो काय तुझ्यासाठी सुटतो? त्याला नमस्कार करावा आणि पुढं जावं. पण तो आपण करावा लागतो, आपल्या वतीनं हँडलनं करून भागत नाही."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"ऐकलं असतंस? तू हँडल खाली करून घ्यायला आली होतीस. आज हात जोडलेस, म्हणजे आवळलेली मूठ सुटली. पहिल्या दिवशी हँडल वर चढवलं ते तुझ्या बोटांसाठी, त्यांच्यावरचा भार कमी व्हावा म्हणून." अप्पांनी एक डोळा बारीक केला. "कधीपासून बधिर होतायत?"

प्रणोतीनं मुठींवरचे हात झटकन मागं घेतले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हेल्मेटचा पट्टा सोडताना तुझी दोन बोटं कामाला येत नाहीत. ती पहिल्या दिवशीच दिसली. घाटाच्या उतारावर ब्रेक कुणाच्या बोटांनी दाबणार होतीस, बाई?"

तिला रडू कोसळलं. "जागा जाईल म्हणून नाही बोलले, अप्पा."

"जागा आज ना उद्या कुणीतरी घेणारच. बोटं तुझी आहेत. चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत ती जागी झाली नाहीत, तर मीच तुला सुटू देणार नाही. चालेल?"

तिनं डोळे पुसून मान हलवली.

सरावात कोपरं पुन्हा पुन्हा ताठ व्हायची, आणि ती स्वतःशीच 'नमस्कार, नमस्कार' पुटपुटत ती वाकवायची. मधूनच हात मोकळे करायची, पुन्हा तशीच वाकायची. हळूहळू तळव्यांची ठणक गेली. मग एका संध्याकाळी घरी पाणी पिताना पेल्याचा गारवा करंगळीला लागला, आणि ती एवढी हरखली की सगळा पेला अंगावर सांडला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी तिची दहाही बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि 'जा' म्हणाले.

चाचणीच्या दिवशी एकेका मुलीला घड्याळ लावून सोडत होते. पठारावर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या. वारा गेल्या वर्षीपेक्षा कांकणभर जास्तच होता. प्रणोतीच्या ओठांवर जुनी शिवी आली, पण तिनं ती गिळली आणि कोपरं वाकवली. वारा पाठीवरून निघून गेला. पठार संपलं, घाटाचं तोंड आलं, तेव्हा तिनं आधी बोटं हलवून पाहिली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळी हलली. मगच तिनं उतारावर सायकल सोडली, आणि वळणावळणाला ब्रेक तिच्या हाताला नीट कळत गेला.

संघातल्या त्या एका जागेसाठी संध्याकाळी तिचंच नाव पुकारलं गेलं. ती थेट कट्ट्यावर गेली आणि अप्पांच्या पायाशी वाकली.

"कसं झालं?" अप्पांनी विचारलं.

"वारा फार होता," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

पुढं प्रणोती पुष्कळांवर रागावली, भांडली, कित्येक कामं अर्ध्यावर टाकून उठली. पण कोपरापासून नमस्कार तिनं रागानं पुन्हा कुणालाही केला नाही. तो तिनं वाऱ्यासाठी राखून ठेवला होता.