शंकराच्या पायातलं कडं

“मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा.”

शाल्मली बिराजदारने हे विचारलं, तेव्हा दस्तगीरचाचा चहा गाळत होते. हात थरथरत होता. थोडा चहा कपात गेला, थोडा बशीत.

कप त्यांनी तिच्याकडे सरकवला. बशी स्वतः घेतली. एक घोट घेऊन पाहिला.

“साखर,” ते म्हणाले.

शाल्मली हसली नाही.

सोलापूरकडच्या एका तलावाच्या काठावरची ही गोष्ट. हिवाळा लागला की हिमालय ओलांडून चिमणीएवढे गाणारे पक्षी इथल्या पाणकणसात उतरतात. चाचांनी शाळेत विज्ञान शिकवता शिकवता आयुष्यभर त्यांचाच नाद केला. पहाटे जाळं लावायचं. त्यात आलेला पक्षी अलगद सोडवायचा, त्याच्या पायात क्रमांक कोरलेलं हलकं कडं घालायचं आणि त्याला सोडून द्यायचं. पुढे कधी, कुठे तो कुणाच्या हाती लागला, तर त्या क्रमांकावरून त्याची वाट कळते. बहुतेक लागत नाहीत.

बाजारात पिंजरे भरभरून मुनिया विकणाऱ्याला या देशात कुणी हटकत नाही. कडं घालून पक्षी सोडून देणाऱ्याला मात्र परवाना लागतो. लागू दे. चांगलंच आहे. तो नुसत्या अर्जावर मिळत नाही, हे तर त्याहून चांगलं. आधी एखाद्या जुन्या माणसाने म्हणावं लागतं, की हिच्या हातात पक्षी द्यायला हरकत नाही.

शाल्मलीसाठी ते चाचांनी म्हणायचं होतं. आणि चाचा म्हणत नव्हते.

विदर्भातल्या एका तलावावर पक्ष्यांना कडी घालायची तिची स्वतःची छावणी उभी राहायची होती. माणसं ठरली होती, तंबू ठरले होते. परवाना नसेल तर ते काम दुसऱ्याकडे जाणार होतं. तिचं हे चाचांना सांगून झालं होतं, समजावून झालं होतं, चिडूनही झालं होतं.

हात थरथरायला लागल्यापासून चाचांनी कडं दाबून बसवायचा चिमटा तिच्याकडे दिला होता. गेल्या हिवाळ्यापासून या काठावरचं प्रत्येक कडं तिच्या हातचं. आणि हात होताच तसा. जाळ्यात गुरफटलेला पक्षी ती असा सोडवी, की पाहायला आलेली कॉलेजची पोरं हातातला चहा विसरत. चिमटा एकदा दाबला की कडं बसलं. पक्ष्याला कळायच्या आत पक्षी मोकळा.

“चाचा, तुमची बशी संपेपर्यंत माझे चार पक्षी उडून जातात,” ती म्हणाली.

“माझी बशी मोठी आहे, बेटा.”

ती उठली आणि जाळ्याकडे गेली.

पाण्यावर धुकं होतं. जाळ्याच्या अगदी खालच्या घडीत एक पक्षी लटकला होता. मातकट अंग, गळ्याखाली निळा पट्टा. त्या निळ्या गळ्यामुळेच याला इकडे शंकर म्हणतात. तिने त्याचे पंख सोडवले, मग नख्या. आणि तिची बोटं थांबली.

पायात कडं होतं.

तिने क्रमांक वाचला. पुन्हा वाचला. क्रमांक इथलाच होता. गेल्या हिवाळ्यात, याच पाणकणसात, तिनेच घातलेलं कडं. पक्षी ते घेऊन डोंगरांपलीकडे गेला होता, तिकडे कुठेतरी त्याने गाणी म्हटली असतील, पिल्लं वाढवली असतील, आणि एवढी पृथ्वी सोडून तो नेमका याच काठावर परत आला होता.

पक्षी हातात असताना पळायचं नसतं. शाल्मली पळाली नाही, एवढंच. चालली म्हणता येईल असं ते चालणं नव्हतं.

चाचांच्या चटईपाशी येऊन ती एका दमात सगळं बोलली. क्रमांक, गेला हिवाळा, हेच पाणकणीस. आता यावर लेख लिहिता येईल, परवान्यासाठी मागे लागलेले विदर्भातले लोकही गप्प बसतील. चाचांचा चेहरा उजळला. त्यांच्या उभ्या आयुष्यात असे परतून आलेले फार थोडे. ते चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावरच होता.

“आता तरी म्हणाल ना?” तिने विचारलं.

“दाखव.”

पक्ष्याची मान दोन बोटांच्या बेचक्यात धरून तिने त्याचा पाय पुढे केला. चाचा वाकले. पाहत राहिले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, परत पाहिलं…

“नख फिरव,” ते म्हणाले.

कडं दाबून बंद केलं की त्याच्या जोडावरून नख फिरवायचं असतं. दोन्ही टोकं समोरासमोर भिडली असतील, तर नख कुठे अडत नाही. पहिल्याच आठवड्यात चाचांनी हे तिला शिकवलं होतं. ती सुरुवातीला करायचीही. मग हात बसला, वेग आला, आणि नख फिरवणं हा म्हाताऱ्या माणसाचा सावकाशपणा आहे असं तिला वाटू लागलं.

तिने नख फिरवलं.

अडलं.

एक टोक दुसऱ्यावर चढलं होतं. कडं आवळलं गेलं होतं. त्याखाली कातडी घासून काळी पडली होती. जखम वाळली होती. दुसरा पाय मात्र स्वच्छ होता, आणि पक्षी चांगला गुबगुबीत, तिच्या बोटाला चोच मारत होता.

तिने नख पुन्हा एकदा फिरवलं. पुन्हा अडलं.

“हे घेऊन तो तिकडे गेला,” शाल्मली म्हणाली. आवाज फार खाली गेला होता.

“आणि आला,” चाचा म्हणाले.

तिने चाचांना कडं काढायला सांगितलं. चाचांनी आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. ते थरथरत होते. तिने पाहिल्यावर त्यांनी ते परत मांडीवर ठेवले.

मग तिनेच दाबला की उघडणारा चिमटा घेतला आणि कड्याची टोकं फाकवू लागली. तिने याआधी कुठलंच काम इतकं हळू केलं नव्हतं. थंडीत तिच्या कपाळावर घाम आला. कडं सुटलं आणि चटईवर पडलं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस चाचांनी तिच्याकडे दिला. तिने तो पक्ष्याच्या पायावरून फिरवला.

मानी माणसं अशा वेळी रडत नाहीत. निर्णय घेतात. शाल्मलीनेही घेतले. परवान्यासाठी चाचांनी तिच्याबद्दल शब्द टाकला नाही ते बरंच झालं, असं ती म्हणाली. विदर्भातलं काम दुसऱ्याला द्यायला ती आजच कळवणार होती. यापुढे आकडे मांडेल, नकाशे काढेल, तंबूत बसून जे करता येतं ते सगळं करेल. पक्षी हातात घेणार नाही. अजून कितीजणांच्या पायांत तिने असं कडं घातलं असेल, आणि ते कुठे असतील, कुणास ठाऊक.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही.

“सोडते याला,” ती म्हणाली, आणि मूठ उघडायला लागली.

“थांब.”

नवी कडी एका तारेत ओवलेली होती. चाचा त्यातलं एक काढू लागले. बोटं साथ देईनात. कडं निघालं ते चटईवर पडून घरंगळलं. ते गुडघ्यांवर बसून चाचपडू लागले. शाल्मलीला मदत करता येईना, तिच्या हातात पक्षी होता. शेवटी ते त्यांना सापडलं. त्यांनी ते फुंकून साफ केलं, चिमट्याच्या खोबणीत बसवलं आणि चिमटा तिच्यापुढे धरला.

“नको, चाचा. माझ्या हातून नको.”

तिचा हात थरथरत होता. चाचांचाही. दोघांमध्ये स्थिर होता तो फक्त पक्षी.

चाचांनी चिमटा तिच्या बोटांत दिला आणि वरून आपली बोटं मिटली.

“दुसऱ्या पायात घाल.”