सरजाबाईचा आवा

श्रोतेहो, वेळूनाथ महाराज सावळबारीला कुंभारआळीतल्या पिंपळाखाली उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. आळीचा पुढारी भिवसन. हात सोन्याचा, पण जीभ मोठी तिखट! कुंभारांचा जुना दंडक असा, की बायकांनी माती मळायची, चाकाला शिवायचं नाही. नवरा गेल्यावर भिवसनाच्या वहिनीने, सरजाबाईने, पोटासाठी चाक फिरवलं. पंच म्हणाले, "मडकी भाजायचा एक आवा लाव. साधला तर चाक तुझं. फुटला तर माहेरची वाट धर."

"आवा लावणं म्हणजे काय भाकरी भाजणं आहे?" भिवसन चारचौघांत हसला.

सरजाबाईने मडकी रचली, लाकडं भरली, वरून मातीचं लिंपण दिलं आणि महाराजांचं नाव घेऊन आवा पेटवला. आवा निवेपर्यंत लिंपणाला कुणी बोट लावत नाही. तापल्या मडक्याला गार वारा लागला की ते तडकलंच. भिवसनाला हे पोरवयापासून ठाऊक. तरी दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर त्याने काठी खुपसून वाऱ्याच्या बाजूने लिंपणाला भोक पाडलं. आतून टण्ण, टण्ण आवाज आले. त्याचंच मन त्याला म्हणालं, अरेरे, थोरल्या भावाचं घर फोडलंस की मेल्या! त्याने घाईघाईने भोक बुजवलं, पण तो आवाज काही कानांतून जाईना.

तिसऱ्या दिवशी आळी जमली. लिंपणावरचं ठिगळ पाहून सरजाबाईला रडू फुटलं. "महाराज, माझंच लिंपण उकललं असेल. कुणी तरी दया येऊन बुजवलं बघा."

दया! भिवसनाची मान वर होईना.

"भिवसना, आवा तूच उघड," महाराज म्हणाले.

"मी? नको महाराज!"

"घरचा कर्ता ना तू?"

त्याने पहिलं मडकं काढलं. अखंड! वाजवून पाहिलं, खणखणीत. दुसरं, तिसरं, एकालाही तडा नाही. उलट वाऱ्याच्या बाजूला राख वितळून हिरवट झिलई चढलेली. लोकांनी जयजयकार केला. भिवसन मात्र मडकी पुन्हा पुन्हा वाजवून पाहत राहिला. तडकल्याचे आवाज त्याने स्वतः ऐकले होते. मग ते तडे गेले कुठे?

महाराज मडकं उचलायला वाकले, अंगावरची छाटी सरकली. पाठभर भेगाच भेगा, ओल्या, लाल!

"देवा!" भिवसन त्यांच्या पायांवर कोसळला. "भोक मी पाडलं. मारा मला."

"माझी पाठ भरून येईल रे. पण ती बाई अजून स्वतःलाच दोष देतेय, तिच्या पाया पड."

भिवसनाला वहिनीकडे बघवेना. साऱ्या आळीदेखत त्याने सरजाबाईच्या पायांवर कपाळ टेकवलं आणि ढसाढसा रडत म्हणाला, "वहिनी, चाकावर तुम्ही बसा. आजपासून माती मी मळतो."